उंबरपाडा ब्रिज क्लबचा सतरावा नियम

सरावलीकडून आत वळलं की चिकूच्या वाड्या संपता संपता उंबरपाडा लागतो. चौसष्ट घरं, एक समाजमंदिर, दोन हातपंप, त्यातला एक कायमचा आजारी, आणि एक ब्रिज क्लब. ब्रिज म्हणजे पत्त्यांचा. ओढ्यावरचा वेगळा, तो अजून मंजूर व्हायचा आहे. डहाणूच्या बाजारात उंबरपाड्याचं नाव निघालं की दुकानदार एकमेकांकडे बघून हसतात. "ते साहेबलोकांचे पत्ते खेळणारे ना?" आणि उंबरपाडेकर छाती काढून म्हणतात, "हो, तेच आम्ही." लोक का हसतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर छाती आत गेली असती.

ह्या सगळ्याचं मूळ शुक्रा. वय अडुसष्ट, अंगाने ताडाची काठी, मिशी पांढरी पण रोज खोबरेल लावून चमकवलेली. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी आणायला आले तर. पण पाडा त्यालाच मास्तर म्हणतो. लोक मास्तर म्हणायला लागले की माणसाची मान ताठ होते, आणि शुक्राची तर इतकी झाली की पायातल्या चपलेचा अंगठा तुटलाय हे जमनेने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

जमना म्हणजे त्याची बायको. मास्तरांचं गुपित पाड्यात तिला एकटीला ठाऊक, आणि पस्तीस वर्षं तिने ते पोटात ठेवलं. पाड्यात एरवी गोष्ट पोटात सोडाच, ओठातसुद्धा थांबत नाही.

शुक्राने लोकांना सांगून ठेवलं होतं ते असं. तरुणपणी तो खोदादादशेठच्या चिकूच्या वाडीत होता. वाडीत होता म्हणजे कामाला नव्हे हो, शेठचा पार्टनर होता. शेठच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, शेठच्या समोर, वेताच्या खुर्चीवर बसून तो ब्रिज खेळायचा. शेठ त्याला विचारल्याशिवाय पत्ता टाकत नसत. कधीकधी तर स्वतः उठून त्याच्यासाठी चहा आणत.

ह्यातली वेताची खुर्ची खरी होती.

बाकीचं असं. ब्रिजला चार माणसं लागतात. समोरासमोरचे दोघे जोडीदार. आधी बोली होते, लिलावासारखी, की आम्ही इतके हात करू आणि अमुक हुकूम धरून करू. ज्या जोडीची बोली सगळ्यांत चढी, तिच्यातला एक खेळतो आणि दुसरा आपले तेरा पत्ते टेबलावर उघडे मांडतो. ह्या दुसऱ्याला डमी म्हणतात. त्याचे पत्तेही पहिलाच खेळवतो. खोदादादशेठकडे खेळायला शेठ, शेठाणी, एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि एक डॉक्टर असे चौघे होते. डॉक्टर एका उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला गेले ते तिकडेच राहिले. तीन माणसांत ब्रिज होत नाही. शेठने महिनाभर दम काढला, मग एका संध्याकाळी झाडांना पाणी लावणाऱ्या बावीस वर्षांच्या शुक्राला हाक मारली. "सुकरा, हाथ धोईने आव!"

शुक्रा हात धुऊन गेला आणि चार दिवसांत खेळ शिकला. डोकं होतंच. कुठला पत्ता पडला, कुठला राहिला, हे त्याला झाडावरचे चिकू मोजल्यासारखं दिसायचं. पण शुक्राने काहीही बोली केली की शेठ तिच्यावर चढवायचे. शुक्रा म्हणाला दोन बदाम, की शेठ तीन किलवर. शुक्रा तीन इस्पिक, की शेठ चार किलवर. म्हणजे खेळणार शेठ, आणि शुक्रा डमी. डमी झाला की लगेच शेठचा आवाज यायचा, "सुकरा, चा मूक!" मग शुक्राने आत जाऊन आधण ठेवायचं, परसातला फुदिना आणि गवती चहा खुडून आणायचा, चौघांचा चहा करायचा. चौघांचा म्हणजे तिघांचा, आणि उरला तर आपला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेबल दिसायचं. शेठ आपले पत्ते कसे वाया घालवतात हे तो हातात गाळणी धरून बघायचा. अशी नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत आपल्या बोलीचा एकही हात शुक्रा स्वतः खेळला नाही.

शेठ गेले, मुलं मुंबईला, बंगल्याला कुलूप लागलं. शेठाणींनी जाताना शुक्राला दोन जोड पत्ते आणि टेबलावरचं हिरवं कापड दिलं. ते घेऊन तो पाड्यात आला आणि समाजमंदिराच्या ओट्यावर मांडून बसला. त्याच्या जोडीला धाकल्या आणि विरुद्ध हाल्या नि तुक्या. हाल्या तेव्हा चिकूच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोवर क्लीनर होता, आता टेम्पोचा मालक आहे. तुक्या वायरमन, त्याला विजेचं सगळं कळायचं आणि बाकी काहीच नाही. पहिल्याच डावाला बोली धाकल्याने जिंकली. शुक्राने आपले तेरा पत्ते कापडावर मांडले, आणि त्याचे पाय त्याला न विचारता उठले, ओटा उतरले, घरात शिरले आणि थेट चुलीपाशी जाऊन थांबले. हात पातेल्याकडे गेला.

"काय पायजे?" जमनेने विचारलं.

शुक्राला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मागून हाल्या दारात येऊन उभा. "शुक्रा, मध्येच कुठे पळालास? आणि पातेलं कशाला?"

आता खरं सांगावं तर काय सांगावं? की नऊ वर्षांची सवय पायांत मुरली? ज्या माणसाने आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी, स्वतःला शेठचा पार्टनर म्हणवून घेतलंय त्याने? शुक्राने पातेलं घट्ट धरलं आणि म्हणाला, "नियम आहे."

"कसला?"

"डमीने चहा करायचा. त्याचे पत्ते उघडे पडलेले, तो तिथे बसला तर डोळ्याने इशारे करील. म्हणून त्याने उठून जायचं. इंग्रजांनी फार विचार करून ठेवलंय. सतरावा नियम."

सतरावाच का? सोळा म्हटला असता तर मोजून-मापून वाटला असता. सतराव्याला एक खरेपणा असतो.

"मग शेठपण करायचे?"

"करायचे ना. माझ्यासाठी कितीदा!"

जमनेने तोंड भिंतीकडे वळवलं. धूर फार झाला म्हणाली.

आता एक चहा तो काय, असं वाटेल. पण ह्या एका चहाने उंबरपाड्यात ब्रिजचा चेहरामोहरा बदलला. ओट्यावर खेळणारे चार आणि बघणारे चौदा. डमीला अठरा कप करावे लागायचे, तेही जमनेच्या चुलीवर, जमनेची बोलणी खात. तेव्हा डमी व्हायचं नाही हीच प्रत्येकाची पहिली इच्छा. डमी व्हायचं नसेल तर बोली आपल्या नावावर हवी, आणि त्यासाठी जोडीदाराच्या वर बोलायला हवं. जगभर ब्रिजमध्ये समोरचा आपला आणि शेजारचे परके. उंबरपाड्यात समोरचाच खरा वैरी. हातात एक राजा आणि बाकी सगळा पाचोळा असताना हाल्या "पाच किलवर" म्हणायचा, आणि तुक्या त्याच्यावर "सहा चौकट". शेजारचे दोघे आरामात पास म्हणून तंबाखू मळत बसायचे. बोलीवाला सात-आठ हातांनी बुडायचा, पण ओट्यावर बसून बुडायचा. चुलीपाशी बसून जिंकण्यापेक्षा ते बरं.

पस्तीस वर्षं असं चाललं. धाकल्या मध्येच मुलाकडे तलासरीला राहायला गेला आणि शुक्राला जोडीदार उरला नाही. मग त्याने अंगणवाडीची मदतनीस कमळी हिला बसवलं. बाईमाणूस पत्त्यांना बसणार म्हणून चार तोंडं वाकडी झाली, पण ती चार तोंडं चहाला रोज हजर. कमळी तेव्हा अठ्ठावीसची असेल. अंगणवाडीतल्या चाळीस पोरांच्या चपला कुणाच्या कोणत्या हे न बघता सांगणारी बाई, तिला बावन्न पत्ते काय जड? पंधरा दिवसांत ती शुक्राच्या पुढे गेली. हे शुक्राला समजलं, आणि समजलं म्हणूनच त्याने कुणाला समजू दिलं नाही.

कमळीचा एक दोष होता. ती हातात असेल तेवढंच बोलायची. तिने "दोन इस्पिक" म्हटलं की तेवढे हात तिच्या पत्त्यांत असायचेच. आणि तिने दोन इस्पिक म्हटलं की शुक्रा डोळे मिटून "तीन चौकट" म्हणायचा. तिने तीन म्हटलं की तो चार. मग कमळी पत्ते मांडायची, पदर खोचायची, ओटा उतरायची. बावीस वर्षं तिने उंबरपाड्याला चहा पाजला. लोक कौतुकही करायचे. हाल्या म्हणायचा, "कमळीच्या हातचा चहा म्हणजे चहा! हिने डमीच राहावं."

शुक्राला कुठे काही टोचायचं का? छे. त्याला तर उलटं बरं वाटायचं. ती उठली की तो पाठ टेकून बसायचा, एक पाय दुसऱ्यावर टाकायचा, आणि आवाज जरा नाकातून काढून म्हणायचा, "कमळे, चहा." एकदा गडबडीत त्याच्या तोंडून "चा मूक" निघून गेलं. लोकांना वाटलं मास्तरांना गुजराती किती छान येतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना घरात योगिता आली. मिथुनची बायको, शुक्राची सून. डहाणू रोडला औषधांच्या दुकानात काम करते, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये ब्रिज. परक्या माणसांशी खेळायची, कुणी कोचीनचा, कुणी कुठल्या थंड देशातला.

"बाबा," ती एक दिवस म्हणाली, "ह्यात डमी चहा करत नाही."

"फोनमध्ये चूल कुठली?" शुक्रा म्हणाला.

"तसं नाही. इथे नियम लिहिलेत. सतरावा मी तीनदा वाचला. चहा नाहीच. उलट डमीने जागेवरून हलायचं नाही असं आहे."

"नवीन छापलेलं असेल. हल्ली सगळ्यात काटछाट करतात."

योगिता हसली आणि तिथेच सोडून दिलं. पण हाल्याला तिने दुसरंच काही दाखवलं. डहाणू रोडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालुक्यापुरती ब्रिज स्पर्धा होती, नावं पाठवा म्हणून. हाल्याने त्याच संध्याकाळी दोन जोड्यांची नावं पाठवली. शुक्रा आणि कमळी, हाल्या आणि तुक्या. वर स्पर्धेनंतरच्या रविवारी क्लबाला पस्तीस वर्षं झाल्याचा समारंभही ठरवला. मास्तरांना शाल, नारळ, आणि ओट्यावर रंगवलेली पाटी, "संस्थापक शुक्रा मास्तर, खोदादादशेठ यांचे पार्टनर".

शुक्राची झोप उडाली. बाहेरची माणसं म्हणजे बाहेरचे नियम. तिथे कमळी पत्ते मांडून उठली की पुढचं सगळं उघडं. पार्टनर कोण होता आणि पातेलं कुणाच्या हातात होतं, हे एकदा पाड्याला कळलं की पाटीवर काय रंगवतील? त्याला गुडघेदुखी सुरू झाली.

"गुडघा दुखतो," तो जमनेला म्हणाला. "जाणं जमायचं नाही."

"पत्ते पायाने खेळतोस काय?" जमना म्हणाली. "जा. पस्तीस वर्षं मी धूर खाल्ला, तू एक दिवस खा."

हाल्याच्या टेम्पोतून, चिकूच्या रिकाम्या पेट्यांवर बसून, उंबरपाडा ब्रिज क्लब स्पर्धेला गेला. हॉलमध्ये सहा टेबलं, चोवीस माणसं. निवृत्त बँकवाले, दोन डॉक्टर, चिकूचे व्यापारी. संयोजक तुषार नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सगळ्यांचे गुण बिनचूक लिहिण्याची काळजी. शुक्राने हॉलभर नजर फिरवली आणि तिसऱ्या टेबलाशी ती अडकली. पांढरे कापलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, आणि हसताना मान मागे टाकायची ती सवय. खोदादादशेठची धाकटी मुलगी, गुलचेहरबाई. तिने पाहिलं होतं तेव्हा शुक्राला मिशी नव्हती. शुक्राने देवाचे नाही, मिशीचे आभार मानले, आणि पत्ते तोंडासमोर धरून बसला.

पहिल्या फेरीतच हाल्याच्या टेबलावर गोंधळ. तुक्या डमी झाला आणि उठून चालू लागला.

"काका, कुठे निघालात?" तुषारने विचारलं.

"चहा करायला. चूल कुठेय?"

"चहा येईल ना काका. केटरर आहे. तुम्ही बसा."

"बसायचं कसं?" हाल्या गरजला. "सतरावा नियम! डमीने चहा करायचा!"

"असा नियम नाही, काका. माझ्याकडे पुस्तक आहे."

"तुमचं पुस्तक बारीक असेल. आमच्या मास्तरांनी खोदादादशेठच्या बंगल्यावर शिकलेलं आहे."

हॉल हसला. हाल्याने त्या हसण्याला टाळ्या समजून तुक्याला इशारा केला. तुक्या मागच्या दाराने गेला, केटररच्या हातातला झारा बाजूला सारून चोवीस कप चहा करून आला, आणि लोकांनी तो प्यायलाही. तोवर त्याच्या जोडीचे गुण तुषारने शून्य करून टाकले होते.

खोदादादशेठचं नाव ऐकून गुलचेहरबाईंनी मान वर केली होती. दुसऱ्या फेरीला त्या शुक्राच्याच टेबलावर येऊन बसल्या, उजव्या हाताला.

कमळी म्हणाली, "एक इस्पिक." शुक्राच्या जिभेने विचार केला नाही. "तीन चौकट," तो म्हणाला. सगळे पास. कमळीने पत्ते मांडले, पदर खोचला आणि उठली.

"मावशी, तुम्हीपण?" तुषार धावत आला. "डमीने हलायचं नसतं. पत्ते तुम्हीच टाकायचे, हे सांगतील तसे. बसा, प्लीज."

कमळी बसली. बावीस वर्षांत आपले पत्ते मांडल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. तिचा इस्पिकचा एक्का शुक्राने नको तिथे घालवला. तिची राणी तो विसरूनच गेला. जिथे दहा हात होते तिथे त्याने सात केले. शुक्रा कपाळावरचा घाम पुसत होता, आणि घाम पुसताना तोंडासमोरचा हात बाजूला झाला.

गुलचेहरबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी मान मागे टाकली आणि हॉलभर ऐकू जाईल असं हसल्या.

"अरे, आय तो आपरो सुकरो! डमी चा करते! अरे बाबा, तो नियम नाही, तो डॅडींचा हुकूम होता. फक्त तुझ्यासाठी!" त्या समोर बसलेल्या आपल्या जोडीदार डॉक्टरांकडे वळल्या. "आमच्या वाडीतला माळी. डॅडी मुद्दाम वरची बोली करायचे, म्हणजे सुकरा डमी होणार आणि चा करणार. काय चा करायचा! फुदिना घालून. सुकरा, आता पण तूच कर ना."

त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा जराही नव्हता. कुजकं असतं तर शुक्राला उलट बोलता तरी आलं असतं. सगळ्या टेबलांवरचे पत्ते थांबले. हाल्या ऐकत होता. तुक्या कप गोळा करता करता ऐकत होता. शुक्राने खाली मान घातली, आणि त्याला आपल्या चपलेचा तुटका अंगठा कुणी न सांगता दिसला.

कमळी मात्र शुक्राकडे बघत नव्हती. ती हिशेब लावत असावी. वरची बोली मुद्दाम. डमी मुद्दाम. चहा मुद्दाम. शेठने एकाला नऊ वर्षं, आणि त्या एकाने दुसरीला बावीस वर्षं. तिचे ओठ हलत होते.

तुषारने पुढचा डाव वाटला. कमळीने पत्ते लावले, एकदाच पाहिले आणि मिटले. "चार इस्पिक."

शुक्राच्या हातात सहा चौकट होत्या. "पाच चौकट" त्याच्या ओठावर आलेलं सगळ्या टेबलाला दिसलं.

"मास्तर," कमळी म्हणाली, "पास बोला."

"मावशी, बोलीत जोडीदाराला असं सांगायचं नसतं," तुषार म्हणाला.

"मला बावीस वर्षं सांगितलं नव्हतं, तेव्हा कुठे होतास?" कमळीने त्याच्याकडे न बघता विचारलं. तुषारने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक मिटलं.

"पास," शुक्रा म्हणाला. एवढा छोटा शब्द त्याच्या घशातून यायला चिकू गिळल्याइतका वेळ लागला.

त्याने आपले पत्ते मांडले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, कारण पाय पुन्हा उठायला बघत होते. कमळी खेळली. सावकाश, एक पत्ता टाकावा आणि बोटांनी जरा थोपटावा अशी. चार इस्पिक म्हणजे पहिले सहा धरून दहा हात. तिने अकरा केले. गुलचेहरबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुठे शिकलात?"

"चुलीपाशी," कमळी म्हणाली.

निकालात शुक्रा आणि कमळी बारांत अकरावे आले. हाल्या आणि तुक्या बारावे. त्या एका डावाला मात्र कमळीच्या नावापुढे तुषारने लाल पेनाने गोल केला होता. त्या डावात सगळ्या टेबलांत तिचेच गुण जास्त होते.

टेम्पो परत निघाला. चारोटीच्या वाटेवर, फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा कमळी म्हणाली, "रविवारी तुम्ही सांगायचं. सगळं. नाहीतर मी सांगते." शुक्राने मान हलवली. पुढे हाल्या स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, कसलातरी विचार करत. हाल्या विचार करतो तेव्हा कुणाचं तरी नुकसान ठरलेलं असतं, म्हणून शुक्राने आशा सोडली.

रविवारी समाजमंदिरासमोर मांडव. पाटी रंगवून झाकून ठेवलेली. शुक्रा उठला. शाल खांद्यावर पडायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली, कारण नंतर जीभ फिरली असती.

"मी शेठचा पार्टनर नव्हतो," तो म्हणाला. "मी पाणी लावायचो. चौथा माणूस नव्हता म्हणून बसवायचे, आणि मुद्दाम डमी करून चहा करायला लावायचे. सतरावा नियम मी बनवला. पातेलं हातात सापडलं म्हणून."

आता दगड येईल की हसू येईल, ह्याची शुक्रा वाट बघत राहिला. पुढच्या रांगेत जमना बसली होती. आज धूर नव्हता, तरी तिचे डोळे पाणावले होते.

मग हाल्या उठला. त्याच्यासाठीही हा साधा प्रसंग नव्हता. पस्तीस वर्षं ह्या माणसाने पाच-पाच किलवर बोलून आठ-आठ हातांनी मार खाल्ला होता, आणि भर हॉलमध्ये सतराव्या नियमासाठी भांडून बारावा नंबर काढला होता. नियम खोटा, तर हाल्या काय?

"बघितलंत?" हाल्या गळा भरून म्हणाला. "ह्याला म्हणतात मोठेपणा! आपल्याला शेठच्या बरोबरीने कुणी बसवू नये म्हणून माणूस स्वतःला माळी म्हणवून घेतोय!"

"अरे हाल्या, खरंच सांगतोय मी."

"ऐका, ऐका! आणि त्या हॉलमधली ती बाई म्हातारी झाली, तिला काय आठवणार? डहाणूवाल्यांना मुळात ब्रिज येत नाही. चहाशिवाय खेळतात! तुक्या, तू होतास ना? सांग."

तुक्या उठला. "माझा चहा सगळे प्यायले," तो म्हणाला आणि बसला. टाळ्या पडल्या.

शुक्राने दोन्ही हात वर केले. "कमळीला विचारा! ती माझ्या समोर बसली होती. तिने सगळं ऐकलंय."

मांडवातली सगळी तोंडं कमळीकडे वळली. कमळी मागच्या रांगेत, मांडीवर अंगणवाडीतलं कुणाचं तरी पोर घेऊन बसली होती. तिने सावकाश पोराच्या नाकाखालचा शेंबूड पुसला. इथे बोललं तर मास्तर जाईल, आणि मास्तरच्या जागी हाल्या बसेल. हाल्याच्या हाताखाली आणखी बावीस वर्षं? ती उठून उभी राहिली.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "मी डमी. डमीने मध्ये बोलायचं नसतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हाल्याने शाल टाकली, नारळ दिला, पाटीवरचं फडकं ओढलं. "संस्थापक शुक्रा मास्तर, खोदादादशेठ यांचे पार्टनर." रंग ओलाच होता, शुक्राच्या सदऱ्याच्या बाहीला लागला. जन्मात पहिल्यांदा खरं बोलला, आणि त्यावर पाड्याने शाल पांघरून टाकली.

समारंभानंतर डाव मांडला. समारंभाचा डाव म्हणून सगळा पाडा ओट्याभोवती. पत्ते वाटले. शुक्राच्या हातात तीन एक्के आणि सात बदामं, अशी पानं त्याला वर्षात एखाद्या वेळी येत. कमळी म्हणाली, "एक किलवर," आणि पत्त्यांवरून त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

तुक्या पास म्हणाला. शुक्राची पाळी.

"चढवा मास्तर!" मागून कुणीतरी ओरडलं.

शुक्राने आपल्या तीन एक्क्यांकडे पाहिलं. सात बदामांकडे पाहिलं. मग कमळीकडे. कमळीने पोराला थोपटावं तसं पत्त्यांच्या पाठीवर बोट वाजवलं.

"पास," शुक्रा म्हणाला.

ओटा चाट पडला, मास्तर आपणहून डमी! हाल्याने आपले पत्ते खाली ठेवले आणि बराच वेळ मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग शेजारच्याच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यात काहीतरी खोल आहे. शेठकडचं असणार. पुढच्या डावाला बघ, मीपण पास म्हणतो."